गोल्फ कार्टच्या ताफ्याची निगा : क्लब व्यवस्थापनासाठी माहितीपत्रक

विजेवरील गोल्फ कार्टला इंजिन नसल्यामुळे तिची फारशी देखभाल करावी लागत नाही, असा समज आढळतो. प्रत्यक्षात आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक कार्टची मोटार ठणठणीत असते. मान टाकलेली असते ती बॅटऱ्यांनी.

४८ व्होल्टच्या कार्टमध्ये सामान्यतः ८ व्होल्टच्या सहा लेड-ॲसिड बॅटऱ्या, म्हणजे एकूण २४ सेल (बॅटरीतील द्रावणाचे स्वतंत्र कप्पे) असतात. त्यांतील एक सेल कोरडा पडला तरी संपूर्ण संच दुबळा होतो. त्यामुळे प्रत्येक सेलचे झाकण उघडून पाणी पाहणे आवश्यक असून, उन्हाळ्यात हे काम दर आठवड्याला करावे. सेलमधील शिशाच्या प्लेटा पाण्याबाहेर उघड्या पडल्या असतील तर चार्जिंगपूर्वी त्या बुडतील एवढेच डिस्टिल्ड वॉटर घालावे आणि उरलेले चार्जिंग पूर्ण झाल्यावर भरावे. कारण चार्ज होताना आतील द्रावण फुगते आणि सेल आधीच काठोकाठ भरलेला असल्यास ते बाहेर येऊन बॅटरीखालचा ट्रे गंजवते. बोअरिंगचे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी वापरू नये. ॲसिडही घालू नये. उडून जाते ते पाणी, ॲसिड नव्हे.

दिवसभराच्या खेळानंतर प्रत्येक कार्ट त्याच रात्री चार्जिंगला लावावी. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून शेडमध्ये हवा खेळती असावी आणि तेथे विडी-सिगारेटला सक्त मनाई असावी.

गेटजवळच्या त्याच चार-पाच कार्ट रोज बाहेर पडतात आणि मागच्या रांगेतील धूळ खातात, हे चित्र आम्ही वारंवार पाहतो. कार्टना क्रमांक देऊन त्या आळीपाळीने वापराव्यात आणि पाण्याची, चार्जिंगची व तक्रारींची नोंद क्रमांकानुसार एकाच वहीत ठेवावी. बॅटरी निकामी झाल्यास जुन्या संचात एकच नवी बसवण्याचा मोह टाळावा. ती जुन्यांच्या पंगतीत बसून लवकरच म्हातारी होते.

महाराष्ट्रातील मैदानांवर खरी कसोटी पावसाळ्यात लागते. खेळ कमी असल्याने उभ्या राहिलेल्या कार्ट अर्धवट चार्ज राहिल्यास प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो, म्हणून त्या पूर्ण चार्ज करून ठेवाव्यात आणि महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज कराव्यात. टर्मिनलवरचा पांढरट-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने काढावा. मात्र ते सेलमध्ये जाऊ देऊ नये. चिखल धुताना प्रेशर पंपाचा झोत सीटखाली मारू नये, कारण मोटारीला जाणारी वीज नियंत्रित करणारा कंट्रोलर बहुधा तेथेच असतो. टायरमधील हवा टायरवर छापलेल्या मर्यादेतच असावी. हवा कमी असेल तर चार्ज लवकर संपतो.

बंद पडलेली कार्ट ओढून नेण्यापूर्वी तिचा स्विच ‘टो’वर (ओढून नेण्याच्या स्थितीवर) करावा, अन्यथा मोटार व कंट्रोलर जळण्याचा धोका असतो.

आमच्या तपासणीत हायड्रोमीटरने, म्हणजे द्रावणाची घनता मोजणाऱ्या उपकरणाने, प्रत्येक सेलचे रीडिंग घेतले जाते. पूर्ण चार्ज झालेल्या सेलचे रीडिंग १.२८ च्या आसपास यावे. त्यासाठी बॅटऱ्या रात्री चार्ज होऊन स्थिरावलेल्या लागतात, म्हणून तपासणीच्या दिवशी सकाळी त्या कार्ट खेळासाठी देऊ नयेत आणि नोंदवही शेडमध्येच ठेवावी, ही विनंती.