अक्षरं हलतात, की अक्षरं लागत नाहीत?

मूल वाचताना अडखळलं, ओळ चुकलं की हल्ली लगेच 'डिस्लेक्सिया' (वाचायला शिकण्यातली अडचण) म्हणून लोक मोकळे होतात. पण वाचताना डोळ्यांवर येणारा ताण, म्हणजे व्हिज्युअल स्ट्रेस, हे प्रकरण निराळं आहे.

असा ताण येणारं मूल पहिल्या चार-पाच ओळी बऱ्यापैकी वाचतं. मग ओळी एकमेकींत सरकतात, अक्षरं थरथरतात, पांढराशुभ्र कागद डोळ्यांवर येतो, कपाळ दुखायला लागतं. बारीक टाइपात, दाट छपाईत त्रास वाढतो. ब्रिटिश संशोधक अरनॉल्ड विल्किन्स यांचं म्हणणं असं, की काळे-पांढरे पट्टे काही जणांना सहन होत नाहीत आणि छापील ओळी म्हणजे असेच पट्टे. देवनागरीत शिरोरेघ ते आणखी ठसठशीत करत असणार, असं मला वाटतं.

डिस्लेक्सियात सहसा अक्षर आणि उच्चार यांची सांगडच बसत नाही. त्यामुळे फळ्यावर मोठ्ठा लिहिलेला एकच शब्दही अडतो. पुस्तक मिटून विचारून बघा : 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरलं? त्रास फक्त डोळ्यांचा असेल, तर शाळकरी मूल 'मळ' चटकन सांगेल. डिस्लेक्सिया असेल तर बरेचदा इथेही चाचपडेल. एवढ्यावर निदान होत नाही, पण कुठे दाखवायचं याचा अंदाज येतो.

शंका डोळ्यांची असेल तर आधी नेत्रतज्ज्ञ. तक्त्यावर 'सिक्स बाय सिक्स' आलं, म्हणजे लांबचं नीट दिसतं, म्हणून थांबू नका. जवळचं बघताना दोन्ही डोळे नीट आत वळतात का, हेही तपासून घ्या. ते वळत नसतील तर व्यायाम आहेत. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घरच्या पेन्सिल-व्यायामापेक्षा (पेन्सिल हळूहळू नाकाजवळ आणत तिच्यावर नजर ठेवणं) तज्ज्ञांच्या देखरेखीखाली केलेल्या व्यायामांनी जास्त मुलांना गुण आला.

घरी करण्याजोगंही बरंच आहे. धडा मोठा करून फिक्या बदामी कागदावर झेरॉक्स काढा. जाड कार्डाला एका ओळीपुरती खाच पाडा आणि ते ओळीओळीने खाली सरकवत वाचू द्या. गुळगुळीत पानावर दिव्याची तिरीप येत असेल तर बसायची जागा बदला.

रंगीत चष्म्यांवर मात्र हजारो रुपये घालू नका, हे मी कळकळीने सांगते. ते डिस्लेक्सियावर उपयोगी पडतात याला भक्कम पुरावा नाही, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांसोबत २००९ मध्येच स्पष्ट केलंय. रंगीत पारदर्शक कागद पानावर ठेवून बरं वाटलं तर खुशाल वापरा. पण डिस्लेक्सियाला लागतं ते अक्षर-उच्चाराचं पायरीपायरीने, नेमाने शिकवणं. दोन्ही त्रास एकाच मुलाला असू शकतात. तेव्हा कार्डही हवं आणि ही शिकवणीही.