खोटं यंत्र नेमकं कधी मरतं?

कुणाकडे संशयास्पद फाइल आली, की घरातला संगणकवाला भाचा एक सल्ला हमखास देतो: "व्हर्च्युअल मशीनमध्ये उघडून बघा, तिथलं काही बाहेर येत नाही." व्हर्च्युअल मशीन म्हणजे खऱ्या संगणकाच्या आत चालणारा खोटा संगणक. सल्ला वाईट नाही. फक्त त्यातलं "येत नाही" जरा जास्तच ठाम आहे. व्हर्च्युअल मशीनच्या भिंती म्हणजे शेवटी कुणीतरी लिहिलेला प्रोग्राम. त्या भिंतीला भगदाड पाडणाऱ्या चुकांची एक जात मला विशेष आवडते, कारण तिच्या मुळाशी पहिलीतलं गणित आहे: एक मिळवायचा, एक वजा करायचा, आणि शून्य झालं की थांबायचं.

क्यूएमू नावाचा प्रोग्राम घेऊ. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने तो २००३ मध्ये लोकांसमोर आणला. तो अख्ख्या संगणकाचं सोंग घेतो. अँड्रॉइडचे ॲप लिहिणारे ज्या एम्युलेटरवर ॲप तपासतात तो क्यूएमूवरच उभा आहे, आणि २००७ मध्ये लिनक्समध्ये केव्हीएम आल्यापासून क्लाउडवर भाड्याने मिळणाऱ्या असंख्य मशिनींमागेही हीच जोडी असते. केव्हीएममुळे आतल्या, म्हणजे गेस्ट सिस्टीमच्या सूचना खऱ्या प्रोसेसरवर धावतात. पण नेटवर्क कार्ड, डिस्क, यूएसबी ही मंडळी खोटीच राहतात. गेस्टला वाटतं, आपल्याकडे इंटेलचं ८२५४०ईएम कार्ड आहे. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, कार्डाच्या रजिस्टरमध्ये (यंत्राला आज्ञा द्यायच्या ठरावीक खणात) एक आकडा लिहितो, त्या क्षणी खरा प्रोसेसर थबकतो, ताबा क्यूएमूकडे येतो, आणि सी भाषेतलं एक फंक्शन ठरवतं की खऱ्या कार्डाने अशा वेळी काय केलं असतं.

म्हणजे ते कार्ड म्हणजे मेमरीतला एक ऑब्जेक्ट, बाइट्सचा एक तुकडा. सी भाषेत असा तुकडा मागून घ्यायचा आणि काम संपलं की परत करायचा, ही जबाबदारी प्रोग्रामरची. मागणं सोपं आहे. परत कधी करायचा, इथे गाडी अडते.

क्लाउडवरच्या चालू मशीनमधून एखाद्या ग्राहकाने जादा डिस्क काढून टाकली, असं समजा. क्यूएमू गेस्टला कळवतो, गेस्ट "ने" म्हणतो, आणि डिस्कचा खोटा कंट्रोलर मोडीत काढायची वेळ येते. पण त्याच घटकेला त्या ऑब्जेक्टचा पत्ता कुणाकुणाकडे आहे? मेमरीच्या नकाशात आहे. एखाद्या टायमरकडे आहे, जो काही मिलिसेकंदांनी वाजणार आहे. मागितलेला डेटा आणायला गेलेल्या थ्रेडकडे, म्हणजे प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्याकडे आहे. आणि गेस्टचा दुसरा एखादा प्रोसेसर नेमका आत्ताच त्याचं रजिस्टर वाचत असेल, तर त्याच्याकडेही आहे.

यावरचा तोडगा जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० मध्येच मांडला: रेफरन्स काउंटिंग. प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये एक आकडा ठेवायचा. भाड्याच्या खोलीच्या किती किल्ल्या बाहेर आहेत याची ती नोंद. नवा कुणी किल्ली घेईल तेव्हा आकडा एकने वाढवायचा, परत करील तेव्हा एकने कमी करायचा. शून्य झाला की खोली खरोखर रिकामी, ती दुसऱ्याला द्यायला मोकळी. क्यूएमूमध्ये या दोन क्रियांना ऑब्जेक्ट-रेफ आणि ऑब्जेक्ट-अनरेफ म्हणतात, आणि आकडा शून्यावर आला की फायनलाइझ नावाचं शेवटचं फंक्शन चालतं.

चूक दोन बाजूंनी होते. किल्ली परत करायची राहिली तर खोली कायमची अडकून पडते. ही मेमरीची गळती. महिनोन् महिने चालणाऱ्या मशीनला ती हळूहळू जड करते, पण जीव घेत नाही. उलट बाजू भयंकर. कुणी नोंद न करता किल्ली खिशात ठेवली, आकडा शून्य झाला, खोली नव्या भाडेकरूला गेली, आणि जुना माणूस आपलीच खोली समजून आत शिरला. यालाच यूझ-आफ्टर-फ्री म्हणतात. नवा भाडेकरू हल्लेखोराने ठरवून बसवलेला असेल तर क्यूएमू त्याने मांडलेले आकडे आपलेच समजून वापरतो, आणि आतलं बाहेर येतं. हा प्रकार दुर्मीळ नाही. क्रोमियम ब्राउझरच्या गटाने २०२० मध्ये सांगितलं होतं की त्यांच्याकडच्या गंभीर सुरक्षा-दोषांपैकी सुमारे ७० टक्के मेमरी हाताळण्याच्या चुकांमुळे आहेत आणि त्यातले निम्मे या एकाच जातीचे.

आता माझ्या लाडक्या भागाकडे येतो. क्यूएमूमधलं प्रत्येक खोटं यंत्र आपली रजिस्टरं एका मेमरी रीजनमध्ये मांडतं. "या पत्त्यापासून पुढचे १२८ किलोबाइट माझे, इथे कुणी लिहिलं तर मला हाक मारा," असा तो करार. गंमत म्हणजे या रीजनला स्वतःची वेगळी मोजणी नाही. तो यंत्राच्या ऑब्जेक्टच्या पोटातच असतो. यंत्राचा तुकडा परत केला की रीजनही त्याच्यासोबत जातो. म्हणून कुणी रीजनची मोजणी वाढवली की क्यूएमू मुकाट्याने त्याच्या मालकाची, म्हणजे यंत्राची मोजणी वाढवतो. रीजन वापरात आहे तोवर मालक मरू शकत नाही. मला ही कल्पना फार देखणी वाटते.

गेस्टचा कुठला पत्ता कुठल्या रीजनचा, याचा एक सपाट नकाशा क्यूएमू तयार ठेवतो. गेस्टचे सगळे प्रोसेसर तो सतत बघत असतात. दर वेळी बघताना आकडा वाढवला-कमी केला, तर सगळे प्रोसेसर एकाच आकड्यासाठी भांडत बसतील आणि वेग मातीत जाईल. म्हणून २०१५ पासून इथे लिनक्सच्या कर्नेलमधली, म्हणजे गाभ्यातली, आरसीयू ही युक्ती वापरली जाते. वाचणारा मोजत नाही. "मी वाचतोय" एवढंच सांगतो. बदल करणारा जुन्या नकाशाला हात लावत नाही. तो शेजारी नवा नकाशा बनवतो, एका झटक्यात "चालू नकाशा" हा पॉइंटर, म्हणजे पत्त्याची पाटी, नव्याकडे वळवतो आणि वाट बघतो. वळवण्याआधी जे जे वाचत होते ते सगळे बाहेर पडले, की मगच जुना नकाशा मोडतो. आणि त्या जुन्या नकाशाने धरून ठेवलेल्या रीजनची, पर्यायाने त्यांच्या मालकांची मोजणी तेव्हा कमी होते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. "यंत्र काढा" ही सूचना एका क्षणी येते आणि यंत्राचा मृत्यू नंतर कधीतरी, भलत्याच थ्रेडमध्ये होतो. मधल्या काळात यंत्र गेस्टला दिसत नाही, पण जुना नकाशा हातात असलेला एखादा प्रोसेसर त्याला शेवटची हाक मारू शकतो. म्हणून क्यूएमूने निरोपाचे दोन टप्पे केलेत. अनरियलाइझमध्ये यंत्राने जगाशी संबंध तोडायचे: टायमर थांबवायचे, नकाशातून बाहेर पडायचं. फायनलाइझमध्ये मेमरी परत करायची. कितीतरी बग हे या दोन टप्प्यांतल्या गल्लतीचे असतात. रीजनची मेमरी वेगळी मागून घेतलेली असते आणि कुणीतरी नीटनेटकेपणाच्या हौसेने ती पहिल्याच टप्प्यात परत करून टाकतो. दहा हजार वेळा काहीच बिघडत नाही. मग एकदा तो उशिरा आलेला प्रोसेसर हाक मारतो.

असा कधीतरीच उगवणारा बग माणसाला दैववादी बनवतो. "रीस्टार्ट केलं की जातं" हा आमच्या क्षेत्रातला गंडादोरा आहे. खंडेनवमीला सर्व्हरला झेंडूची माळ घालायला माझी हरकत नाही, दिसते छान. पण बग "आपोआप गेला" असं कुणी म्हणालं की समजावं, दोन थ्रेडची वेळ तेवढी चुकामूक झाली आहे.

मालकाच्या मोजणीची ती देखणी कल्पना एका ठिकाणी स्वतःच्याच पायात पाय घालते. एका मोठ्या रीजनच्या आत छोटे रीजन बसवता येतात, आणि बसवताना छोट्याची मोजणी वाढते. आता एमएसआय-एक्स ही इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला "इकडे बघ" असा इशारा, पाठवायची सोय असलेलं पीसीआय कार्ड (संगणकात बसवायचं जोडकार्ड) घ्या. त्याचा तक्ता हा छोटा रीजन, तो ज्यात बसतो तो मोठा रीजन, आणि दोघांचा मालक एकच: ते कार्ड. छोट्याची मोजणी वाढवली म्हणजे कार्डाची वाढली. कार्डाने स्वतःचीच किल्ली घेऊन ठेवली! ती परत कधी होईल? छोटा रीजन सुटेल तेव्हा. तो आपोआप कधी सुटेल? कार्ड मरेल तेव्हा. कार्ड कधी मरेल? मोजणी शून्य झाल्यावर. मोजणीच्या पद्धतीला असं चक्र सोडवता येत नाही, हे मॅकबेथ यांनी १९६३ मध्ये, म्हणजे कॉलिन्स यांच्यानंतर तीनच वर्षांनी दाखवून दिलं होतं.

दुरुस्ती दोन तऱ्हांनी होऊ शकते. एक, प्रत्येक यंत्राच्या लेखकाने अनरियलाइझमध्ये आठवणीने छोटा रीजन मोठ्यातून काढायचा. दोन, मध्यवर्ती नियम करायचा: छोट्या-मोठ्याचा मालक एकच असेल तर मोजणी वाढवायचीच नाही. मला दुसरी पटते. मोठा रीजन धरणाऱ्याने त्याच मालकाला आधीच जिवंत ठेवलेलं असतं. छोट्यासाठी तीच नोंद पुन्हा करून संरक्षणात भर पडत नाही, फक्त चक्र तयार होतं.

मोजणीच नसेल तर काय होतं, याचं उदाहरण सुरक्षा-दोषांच्या सीव्हीई या जाहीर यादीतल्या सीव्हीई-२०२१-३९२९ या क्रमांकाच्या दोषात आहे. खोट्या एनव्हीएमई डिस्क कंट्रोलरला गेस्ट सांगतो, "वाचलेला डेटा अमुक पत्त्यावर लिही." हल्लेखोर मुद्दाम कंट्रोलरच्या स्वतःच्या रजिस्टरांचा पत्ता देतो. कंट्रोलर आज्ञाधारकपणे लिहायला जातो, ते लिहिणं त्याच्याच रीसेटचं बटण ठरतं, रीसेट कामांच्या सगळ्या रांगा मोडून त्यांची मेमरी परत करतो, आणि फंक्शन मागे येऊन त्याच रांगेवर पुढचं काम करू लागतं. यूएसबीच्या ईएचसीआय कंट्रोलरमध्येही हेच सापडलं. यंत्रागणिक ठिगळं लावण्यापेक्षा २०२३ च्या ८.१ आवृत्तीत सरसकट पहारा बसला: यंत्र लिहिण्या-वाचण्यात गुंतलेलं असताना त्याच्याच रजिस्टरांना पुन्हा हात लागला तर नकार. मग कळलं, काही यंत्रं असा हात प्रामाणिकपणेच लावतात. रास्पबेरी पायच्या बीसीएम२८३५ चिपमधल्या एका भागाला त्यामुळे सवलत द्यावी लागली.

हे बग पकडायचं मुख्य हत्यार म्हणजे गूगलमध्ये तयार झालेलं ॲड्रेससॅनिटायझर. ते मेमरीच्या दर ८ बाइटांमागे १ बाइटची वहीत नोंद ठेवतं, आणि परत आलेली खोली लगेच भाड्याने न देता काही काळ कुलूपबंद ठेवतं. जुनी किल्ली घेऊन कुणी आलंच तर तो दारातच पकडला जातो. त्यासाठी प्रोग्राम साधारण दुपटीने मंदावतो, म्हणून हे चाचणीपुरतंच. जोडीला फझिंग असतं: खोट्या यंत्रांच्या रजिस्टरांवर रात्रंदिवस वेडेवाकडे आकडे फेकत राहायचं.

हल्ली "रस्टमध्ये लिहा, सगळं सुरक्षित होईल" अशी एक लाट आहे. रस्ट ही मेमरीच्या चुका टाळण्यावर भर देणारी प्रोग्रामिंगची भाषा. डिसेंबर २०२४ च्या ९.२ आवृत्तीत क्यूएमूने पीएल०११ हा सीरियल पोर्ट रस्टमध्ये आणला, आणि २०२५ च्या १०.० मध्ये एचपीईटी हा टायमर. अनरेफ विसरण्याची सोय रस्टने खरोखर संपवली. पॉइंटर वापरातून गेला की मोजणी आपोआप कमी होते. पण ऑब्जेक्टची मूळ व्यवस्था आणि मेमरीचा नकाशा अजून सी भाषेतच आहेत, त्यामुळे सीमेवरची वचनं माणसालाच पाळावी लागतात. शिवाय चक्रामुळे होणारी गळती रस्टच्या नियमांत गुन्हाच नाही. एमएसआय-एक्सच्या तक्त्याची ती भानगड रस्टमध्ये लिहिली तरी कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम तपासून यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्राम, ती बिनतक्रार पास करील.