चासी सांधणे आणि चासी बदलणे: जुन्या मोटारसायकलीच्या बाबतीत हे एकच काम नव्हे

इंदूरमध्ये जुन्या गाड्यांच्या मिस्त्रींकडे उभे राहिले की ‘चासी बदलून घेतली’ हे वाक्य नेहमी कानावर पडते. थोडे खोदून विचारले तर कळते की एकाने फक्त सीटखालचा गंजलेला मागचा भाग कापून तिथे नवी नळी सांधून घेतली आहे, दुसऱ्याने कबाड्याकडून आणलेल्या निराळ्याच चासीवर स्वतःचे इंजिन चढवले आहे, आणि तिसऱ्याने या दोन्हींच्या मधले असे काही केले आहे की त्याबद्दल तो फारसे बोलू इच्छित नाही. बोलण्यात एकच शब्द वापरला जात असला, तरी यांत्रिकदृष्ट्या, कागदोपत्री आणि गाडीच्या अस्सलपणाच्या दृष्टीने ही कामे अगदी वेगळी आहेत.

दुरुस्ती म्हणजे मूळ चासी, तिच्यावरचा ठोकलेला नंबर आणि तिची भूमिती कायम ठेवून फक्त निकामी झालेला तुकडा सरळ करणे किंवा नव्याने घालणे. अदलाबदल म्हणजे तो नंबर असलेला सांगाडाच बाजूला ठेवणे. बहुतेक जुन्या मोटारसायकलींवर चासी नंबर हँडलच्या मानेवर किंवा तिच्या आसपास ठोकलेला असतो, आणि गाडी सरळ चालते की एका बाजूला ओढते हेही मुख्यतः त्या मानेवरच ठरते. म्हणूनच इजा मानेपासून किती लांब आहे, हा माझ्या मते पहिला प्रश्न असतो. मडगार्डची पट्टी, सायलेन्सरचा कान, स्टँडचा आधार किंवा सीटखालचा वळसा एवढ्यापुरते नुकसान असेल, तर चासी बदलण्याचा विचारसुद्धा करू नये.

मान वाकली असल्याची शंका आली तर डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. मानेतून आणि मागच्या चिमट्याच्या, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दुहाती भागाच्या, बोल्टच्या भोकातून लेथवर नेमक्या मापाचे कातलेले दोन सरळ दांडे घालावेत, सांगाडा सपाट पाटावर आवळावा आणि ओळंब्याने व गुण्याने ते दोन दांडे एकमेकांशी काटकोनात आहेत का ते पाहावे. मान एका अंशाने जरी बाजूला कलली, तरी तिच्यापासून सुमारे 700 मिलिमीटर खाली जमिनीला टेकणारे चाक मधल्या रेषेपासून सुमारे 12 मिलिमीटर सरकते. घरच्या घरी दोन्ही चाकांच्या बाजूंनी दोरी ताणूनही प्राथमिक अंदाज येतो. मात्र पुढचा टायर मागच्यापेक्षा अरुंद असेल, तर दोन्ही बाजूंना सारखीच फट राहते की नाही हे पाहायचे असते, दोरी टेकते की नाही हे नव्हे.

आता सांधण्याच्या पद्धतीविषयी, कारण बहुतेक चासी अपघातापेक्षा चुकीच्या वेल्डिंगमुळे अधिक बिघडतात असे माझे निरीक्षण आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या बीएसए एम 20 सारख्या ब्रिटिश गाड्यांच्या नळ्या ओतीव सांध्यांमध्ये घालून पितळाने ब्रेझ केलेल्या, म्हणजे पोलाद न वितळवता फक्त पितळ वितळवून जोडलेल्या, असतात. हे काम साधारण 900 अंश सेल्सियसच्या आसपास होते, म्हणजे पोलाद वितळण्याच्या कितीतरी खाली. अशा सांध्यावर कोणी थेट आर्क वेल्डिंग केले, तर वितळलेले पितळ तापलेल्या पोलादाच्या कणांमध्ये शिरते आणि वरून भरभक्कम दिसणारा तो सांधा आतून तडकतो. ब्रेझ केलेला सांधा ब्रेझिंगनेच दुरुस्त करावा, त्याला पर्याय नाही. म्हैसूरच्या आयडियल जावाने 1961 पासून बनवलेल्या जावांची आणि 1973 पासून आलेल्या येझदींची गोष्ट निराळी आहे. त्यांच्या चौकोनी छेदाच्या नळ्या वेल्ड केलेल्या असल्याने तिथे चांगल्या हाताचे वेल्डिंग चालते.

तडा गेलेल्या जागी नुसता वरून डाग मारणे ही दुरुस्ती नव्हे. रंग पूर्ण उतरवून, तडा दाखवणारे रंगद्रव्य लावून त्याची दोन्ही टोके शोधावीत आणि त्या टोकांवर साधारण 3 मिलिमीटरची भोके पाडून तडा पुढे सरकणे थांबवावे. मगच तो खोबणीसारखा कोरून भरावा. नळीचा तुकडाच बदलायचा असेल, तर नळी सरळ न कापता तिरपी कापावी, आत घट्ट बसणारी दुसरी नळी दोन्ही बाजूंना व्यासाच्या किमान दुप्पट लांबीपर्यंत सरकवावी आणि बाहेरच्या नळीत भोके पाडून तिथूनही ती आतल्या नळीला वेल्ड करावी, म्हणजे सगळा ताण एकाच कड्यावर येत नाही. बंद नळीत पाणी किंवा तेल साठलेले असेल तर तापवताना वाफेला वाट हवी, हे विसरणारे मिस्त्री मी पाहिले आहेत आणि त्यानंतर ते दोन हात लांब उडालेलेही पाहिले आहेत.

बुलेटच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. तिच्या जुन्या चासीची पुढची नळी इंजिनपाशी संपते आणि खालचा भाग स्वतः इंजिनच पुरा करते. इंजिन उतरवून असा उघडा सांगाडा वेल्ड केला, तर थंड होताना तो हमखास ओढला जातो आणि नंतर फाउंडेशन बोल्ट भोकांत बसत नाहीत. यासाठी इंजिनच्या जागी एखादा रिकामा, निकामी क्रँककेस (इंजिनचे खालचे कवच) आवळून मगच वेल्डिंग करावे.

अदलाबदलीत हे सगळे कष्ट वाचतात, आणि बुलेटसारख्या दीर्घकाळ बनत राहिलेल्या गाडीला चासी मिळणेही अवघड नाही. अडचण लोखंडाची नसते, नंबराची असते. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182-अ खाली अशा प्रत्येक बदलासाठी 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, तेव्हा तपासणीत चासी नंबर कागदाशी ताडून पाहिला जातो. म्हणून काही जण दुसऱ्या चासीवर आपला जुना नंबर ठोकून घेतात किंवा जुन्या मानेचा नंबर असलेला तुकडा कापून नव्या मानेवर चिकटवतात. सुरुवातीला ज्या तिसऱ्या माणसाचा उल्लेख केला तो हा. हे काम दुरुस्तीत मोडत नाही आणि अदलाबदलीतही नाही, ती सरळ ओळख बदलणे आहे, आणि ती चासी चोरीच्या गाडीची निघाली तर पुढचे सारे मालकाच्या गळ्यात पडते.

प्रामाणिक अदलाबदल करायची असेल तर विचार उलट्या दिशेने करावा. ज्या चासीचे कागद जिवंत आणि स्वच्छ आहेत ती गाडी आधी रीतसर आपल्या नावावर करून घ्यावी, आणि आपले इंजिन तिच्यात बसवून परिवहन कार्यालयाच्या परवानगीने इंजिन नंबराचा बदल नोंदवावा. यात मूळ गाडी कागदावर संपते आणि तिच्या इंजिनसह दुसरी गाडी पुढे चालू लागते. आजोबांच्या गाडीवर जीव असलेल्या माणसाला ते रुचणार नाही, पण वस्तुस्थिती तीच आहे.

पन्नास वर्षांहून जुन्या गाडीसाठी या निवडीला आणखी वजन येते. 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या व्हिंटेज नोंदणीच्या तरतुदींप्रमाणे अशी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते आणि चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार झालेला चालत नाही. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. बदललेल्या चासीची गाडी या कसोटीला उतरणे कठीण आहे, तर नीट सांधलेल्या मूळ चासीच्या बाजूने निदान बोलता तरी येते. त्यासाठी रंग देण्यापूर्वी कापलेला भाग, आतली नळी आणि नंबराची जागा यांची छायाचित्रे काढून ठेवावीत, कारण पावडर कोटिंग झाल्यावर चांगले काम आणि वाईट काम सारखेच चकाकते. याच कोटिंगपूर्वी सँड ब्लास्टिंगवाल्याला नंबराच्या जागेवर जाड चिकटपट्टी लावायला सांगावे. लोकमान्य नगरातल्या माझ्या एका स्नेह्याची येझदी पूर्ण सरळ होऊन आली, पण वाळूच्या माऱ्याने तिच्या नंबरातला एक आठ तीनसारखा दिसू लागला, आणि चासीच्या दुरुस्तीला लागले त्याहून अधिक दिवस त्याला तो आठच आहे हे पटवून देण्यात गेले.