उजनीचं पाणी गुंठ्यात मोजणारे सॅटेलाईट

उन्हाळा लागला की आमच्या सोलापुरात एकच चर्चा, उजनी मायनसमध्ये गेली का, म्हणजे धरणातलं पाणी वापरायच्या साठ्याच्याही खाली उतरलं का. तो आकडा धरणाच्या पाणीपातळीवरनं काढतात, पण पाणी कुठपर्यंत मागं सरकलंय ते घरबसल्या फुकटात बघता येतं हे लई जणांना माहीतच नाही.

युरोपचे सेंटिनेल-2 नावाचे सॅटेलाईट आहेत, पहिला 2015 ला सोडला, दुसरा 2017 ला, साधारण 786 किलोमीटर उंचीवरनं फिरतात आणि अशी जोडी असली की दर 5 दिवसांनी एक जण आपल्यावरनं जातो, सकाळी साडेदहा-अकराला. त्यांच्या फोटोतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे 10 बाय 10 मीटर, म्हणजे बघा, जवळपास बरोब्बर एक गुंठा! अमेरिकेच्या लँडसॅटचा ठिपका 30 मीटरचा, नऊ गुंठ्यांचा, पण लँडसॅटचे फोटो 1972 पासूनचे आहेत, म्हणजे उजनी बांधून व्हायच्याही आधीचे.

खरी गंमत आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडात आहे, निअर इन्फ्रारेड म्हणतात त्याला. पाणी तो गिळून टाकतं म्हणून काळं दिसतं, आणि हिरवं पान तो जोरात परत फेकतं. म्हणून या फोटोत निअर इन्फ्रारेडला लाल रंग दिला की भीमाकाठचा ऊस लालभडक दिसतो. आता घोळ असा की धरणात जलपर्णी माजली तर तीपण लालच दिसते आणि खाली पाणी असून फोटोत रान वाटतं.

पावसाळ्यात ढगांमुळं हे सगळं बंद, तेव्हा रडार लागतं. सेंटिनेल-1 स्वतःच लहरी सोडतो, त्या ढगातनं आरपार जातात, शांत पाण्यावरनं आरशासारख्या दुसरीकडं उडतात, सॅटेलाईटकडं परत येतच नाहीत, म्हणून पाणी काळं. वारं सुटून लाटा उठल्या की मात्र गंडतं. 30 जुलै 2025 ला इस्रो आणि नासाचा निसार श्रीहरिकोट्यातनं गेला, तोही रडारवालाच.

एक आहे, वरनं फोटोत पसारा कळतो, खाली गाळ किती साठलाय ते नाही, ते मोजायला होडीच घालावी लागते पाण्यात. पण पाणी उतरल्यावर काठाला जी गाळपेर होते ती मात्र मस्त दिसते, काळा ठिपका आधी करडा होतो आणि पीक वर आलं की लाल, गुंठा गुंठा करत.