बर्फाच्या उतारावर सरळ उभं राहिलात की मागे पडता

बेळगावात बर्फ पडत नाही. पण खानापूर-निपाणीपट्ट्यातल्या कितीतरी घरांतली पोरं फौजेत आहेत, आणि गुलमर्गच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये जवानांना स्कीइंग, म्हणजे पायांना लांब पट्ट्या (स्की) लावून बर्फावरून घसरत जाणं, शिकवलं जातं. औली-सोलंगला हौसेनं जाणारेही आहेतच. पहिल्या दिवशी बहुतेकांची चूक एकच: भीतीनं अंग मागे टाकणं.

सपाटीवर आपला गुरुत्वमध्य, म्हणजे शरीराच्या वजनाचा मध्य, पावलांच्या बरोबर वर असतो, ही सवय हाडीमाशी खिळलेली असते. बर्फावर सरळ खाली सुटलेल्या स्कीला घर्षण जवळजवळ नसतं. त्यामुळे उतार आपल्याला फक्त काटकोनात ढकलू शकतो, आणि तोल राखायचा तर शरीरही उताराशी काटकोनात हवं. उतार १५ अंशांचा आणि गुरुत्वमध्य पावलांपासून १ मीटर वर धरा. सवयीनं सरळ उभं राहिलात तर तो काटकोनाच्या रेषेच्या सुमारे २६ सेंटीमीटर मागे राहतो, म्हणजे टाचेच्याही मागे. स्की पुढे निसटतात आणि माणूस पाठीवर आपटतो.

पडला नाही तरी सुटका नाही. वजन मागे गेल्यावर स्कीची पुढची टोकं हलकी होतात आणि वळत नाहीत. वळत नाहीत म्हणून वेग वाढतो, वेग वाढला की माणूस आणखी मागे झुकतो. सगळा भार मांड्यांवर येतो आणि त्या भरून येतात.

योग्य पवित्रा बेळगावच्या आनंदवाडी आखाड्यात सलामी दिलेल्या पैलवानाच्या बराच जवळचा आहे, फक्त कमरेतून इतकं वाकायचं नाही. पावलं खुब्यांइतक्या अंतरावर. घोटा, गुडघा, खुबा तिन्ही थोडे वाकलेले, पण सुरुवात घोट्यापासून. नडगी बुटाच्या जिभेवर सतत टेकलेली हवी. नुसते गुडघे वाकवले की बूड मागे जातं आणि पुन्हा तीच गत. दोन्ही हात पुढे, नजरेच्या टप्प्यात. नजर स्कीच्या टोकांवर नको, १०-१५ मीटर पुढे हवी.

घरी सराव करायचा तर टाचा जमिनीवर ठेवून गुडघे बोटांच्या पुढे न्या आणि ३० सेकंद थांबा. तालमीतल्या बैठकांत टाचा उचलतात, इथे उचलायच्या नाहीत. भिंतीला पाठ टेकून बसण्यानं मांड्यांत ताकद येते, पण नडगी उभीच राहते आणि नेमकी नको ती सवय लागते.

भाड्याच्या बुटांत एकच पातळ मोजा घाला. दोन घातले की चुण्या पडून पाय दुखतो. पाय आत गेला की टाच मागे आपटा, मगच क्लिपा आवळा. सरळ उभं असताना बोटं पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवले की सुटावीत. टाच आत उचलली जात असेल तर बूट मोठा आहे, बदलून घ्या.

थांबायचं कसं? स्कीची पुढची टोकं मूठभर अंतरावर, शेपट्या म्हणजे मागची टोकं फाकवलेली, आतल्या कडा बर्फात रुतवलेल्या. ७० किलोच्या माणसाला १५ अंशांचा उतार सुमारे १८ किलोच्या जोरानं खाली ओढतो. कडांचा विरोध तेवढा झाला की वेग वाढायचा थांबतो, त्याहून वाढला की तुम्ही थांबता. विरोध वाढेल तसं शरीर काटकोनातून सरळ उभ्याकडे यायला हवं, म्हणून घोटे आखडून चालत नाही. डाव्या स्कीवर दाब दिला की वळण उजवीकडे, उजव्या स्कीवर दिला की डावीकडे. नवखे वळणाच्या आतल्या बाजूला झुकतात, बाहेरची स्की हलकी होते आणि घसरते.

पडताना बूट स्कीपासून सोडवणारं बाइंडिंग वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळव्याची लांबी पाहून लावतात. ही माहिती खरी सांगा, कौशल्य तर मुळीच वाढवून सांगू नका. फार घट्ट लावलेलं बाइंडिंग वेळेवर सुटत नाही. शिवाय ते मुख्यतः नडगीचं हाड वाचवतं, गुडघ्याच्या अस्थिबंधांची हमी देत नाही. मागे पडू लागलात तर घसरता घसरता उठायची धडपड करू नका. गुडघा तिथेच पिळवटतो. कुशीवर पडा आणि पूर्ण थांबल्यावरच उठा.