डॉक्टरची गाडी, सिंगल हँड: मराठवाड्यात गाडीचा भरवसा कसा ठरत आला

लातूर, नांदेड किंवा संभाजीनगरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात पाच मिनिटं थांबलं, तरी एक वाक्य कानावर पडतंच. "डॉक्टरची गाडी हाय, सिंगल हँड." म्हणजे एकाच मालकानं वापरलेली. पण डॉक्टरच का? तर त्याला दवाखान्यातून उठायला वेळ नसतो, म्हणून गाडी कमी फिरलेली. पैशाची ओढ नसते, म्हणून ऑइल वेळेवर बदललेलं. मीटर मागे फिरवलेलं असू शकतं, डॉक्टरही बनावट असू शकतो. पण यातून एक गोष्ट कळते. इथला गिऱ्हाईक कंपनीच्या नावाइतकाच जुन्या मालकाचा स्वभाव तपासतो. आणि त्याचा लगेच पुढचा प्रश्न असतो, "हिची कामं कुठं होतात?"

कोणती कंपनी भरवशाची, या वादाची आपल्याकडची सगळी पार्श्वभूमी या दुसऱ्या प्रश्नात आहे.

परदेशात हा प्रश्न आकड्यांनी सोडवायचा प्रयत्न जुना आहे. अमेरिकेत १९३६ साली स्थापन झालेली कन्झ्युमर्स युनियन (आताची कन्झ्युमर रिपोर्ट्स) ही संस्था आपल्या सभासदांना विचारते, गेल्या वर्षभरात गाडीत काय काय बिघडलं, आणि त्यावरून मॉडेलवार तक्ते छापते. जे. डी. पॉवर ही संस्था तीन वर्षं वापरलेल्या गाड्यांच्या मालकांना गाठून दर १०० गाड्यांमागे किती तक्रारी आल्या ते मोजते. जर्मनीत एडीएसी हा मोटारचालकांचा क्लब १९७८ पासून रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांची आकडेवारी देतो. तिथल्याच टीयूव्ही या तपासणी संस्थेचा अहवाल सक्तीच्या तपासणीत कोणती मॉडेलं किती प्रमाणात नापास झाली ते सांगतो. हे चारही तराजू वेगळे आहेत. जे. डी. पॉवरच्या हिशोबात मोबाइल ब्लूटूथला न जोडणं ही एक तक्रार आणि गिअरबॉक्स अडकणं हीसुद्धा एकच तक्रार. एडीएसीच्या यादीत साधी बॅटरी उतरली तरी गाडीच्या नावावर नोंद पडते. म्हणून एका यादीत वर असलेली कंपनी दुसरीत खाली दिसते आणि दोन्ही याद्या खोट्या नसतात.

आपल्याकडे असं सालोसाल चालणारं, सामान्य गिऱ्हाइकाच्या हाती येणारं कोष्टक रुजलंच नाही. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, तोवर तिच्या तब्येतीची सरकारदरबारी फारशी विचारपूस नाही. मग कोष्टकाची जागा मेस्तरीनं घेतली.

त्यातही सुरुवातीला निवडायला होतं काय? कारखानदारी सरकारी परवान्यांवर चालायची त्या काळात मोटार म्हणजे ॲम्बेसेडर, फियाट किंवा स्टँडर्ड. १९५७ च्या सुमारास मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यावर बंगालमधल्या उत्तरपाड्याला सुरू झालेली ॲम्बेसेडर थेट २०१४ पर्यंत बनत राहिली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट ११०० पुढे पद्मिनी झाली. या गाड्या बिघडत नसत असं कुणीही म्हणणार नाही. मे महिन्यात बीडच्या घाटात ॲम्बेसेडर उकळली की बोनेट उघडून ती निवेपर्यंत सावलीत बसायचं, हा प्रवासाचाच भाग होता. पण तिचं काम पाना, हातोडी आणि तारेचा तुकडा एवढ्यावर उरकायचं, म्हणून ती भरवशाची. बिघाड सगळ्यांना ठाऊक होता, त्यामुळे त्याची भीती नव्हती.

१४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० ची पहिली किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली आणि हे गणित पालटलं. ७९६ सीसीचं सुझुकीचं इंजिन सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होतं, याचंच लोकांना अप्रूप होतं. मारुतीचा भरवसा मात्र दोन पायांवर उभा राहिला. एक जपानी कारखानदारीची शिस्त, आणि दुसरा पाय तालुक्यातालुक्यात मिळणारे सुटे भाग. माझ्या मते मराठवाड्यात हा दुसरा पाय जास्त भार उचलत आला आहे. सेलू किंवा उदगीरच्या दुकानात क्लच प्लेट त्याच दिवशी मिळणं आणि ती मुंबई-पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून मागवणं, यात दोन दिवसांची मजुरी आणि एखादं लग्न बुडतं.

खरी परीक्षा मात्र जीपची झाली. एसटी न पोचणाऱ्या वाड्यातांड्यांना जोडणारी काळीपिवळी हीच इथली टिकाऊपणाची प्रयोगशाळा. महिंद्राची कमांडर आणि मार्शल, बजाज टेम्पोची ट्रॅक्स, १९९४ नंतर टाटांची सुमो. कागदावर नऊ-दहा माणसं, प्रत्यक्षात आत चौदा, टपावर शेळी आणि मागे लोंबकळणारे वेगळेच. ट्रॅक्समध्ये मर्सिडीजच्या परवान्यावर बनलेलं ओएम ६१६ डिझेल इंजिन होतं, हे तिच्या बहुतेक ड्रायव्हरांच्या गावीही नसेल. त्यांना एवढं ठाऊक होतं की स्प्रिंगचे पाटे तुटतात, इंजिन नाही.

इथली जमीनही गाडीची परीक्षा घेते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटांसारखा वरखाली होतो. म्हणून इंजिनाआधी धक्के झेलणारे भाग, म्हणजे बुश, लिंक रॉड आणि शॉकॲब्सॉर्बर, बोलायला लागतात. धुळीनं एअर फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या मुदतीआधीच भरतो. कूलंटऐवजी बोअरचं क्षारयुक्त पाणी ओतलं की रेडिएटरमध्ये पापुद्रे धरतात, गाडी हिट होते, हेड गॅस्केट जातं आणि दोष कंपनीच्या नावावर चढतो. जर्मनीच्या तक्त्यात यातलं काहीच मोजलेलं नाही.

ब्रँडचं नाव एकदा चिकटलं की किती काळ सुटत नाही, याचं उदाहरण इंडिका. १९९८ च्या अखेरीस आलेल्या पहिल्या इंडिकाबद्दल तक्रारींचा पाऊस पडला. टाटांनी सुधारणा करून २००१ मध्ये व्ही-२ आणली, टॅक्सीवाल्यांनी ती डोक्यावर घेतली, तरी "टाटा म्हणजे कामं निघतात" हे पारावरचं मत पुढे कित्येक वर्षं टिकलं. उलट २००० च्या क्वालिस आणि २००५ च्या इनोव्हानं टोयोटाला असं नाव मिळवून दिलं की तीन लाख किलोमीटर पळालेली गाडीही मालक ऐटीत दाखवतो.

आणि नावाच्या आत काय असतं? फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्येही होतं आणि टाटाच्या व्हिस्टामध्येही. २०१९ ची टोयोटा ग्लान्झा म्हणजे मुळात मारुतीची बलेनो. ग्लान्झाला वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, बलेनोला त्या वेळी दोन वर्षं किंवा चाळीस हजार. तेच लोखंड, पण विकणाऱ्यानं दिलेला शब्द वेगळा. मारुतीनं २०२४ मध्ये आपली मुदत वाढवली, तेव्हा कुठे ही तफावत मिटली.

मराठवाड्यात स्वतःचा मोटार कारखाना आहे, हेही यात धरायला हवं. संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला स्कोडाच्या गाड्या २००१ पासून जोडल्या जाऊ लागल्या, पुढे ऑडीसुद्धा. तरी शेंद्र्यापासून तासाभरावरच्या गावात स्कोडाच्या ऑक्टाव्हियाबद्दल विचारलं तर उत्तर यायचं, "इंजिन वाघ हाय, पण पार्ट परवडत न्हाईत." कारखाना जवळ असला म्हणून मेस्तरी जवळ येत नाही. २०१० मध्ये संभाजीनगरच्याच मंडळींनी एकाच झटक्यात सुमारे १५० मर्सिडीज घेतल्या, त्या व्यवहारात मात्र पार्टचा भाव कुणी विचारला नसावा.

काही वेळा गाडी नाही, कंपनीच बंद पडते. देवू गेली. शेव्हरोलेनं २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवली, फोर्डनं २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेव्हरोलेची तीच टवेरा, फोर्डची तीच इकोस्पोर्ट, इंजिनात काडीचा फरक नाही, पण बाजारात गिऱ्हाईक हात आखडता घेतं. विदेशी पाहणीत असल्या धोक्याला रकानाच नाही.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचं कडक मानक लागू झालं. मारुतीनं डिझेल गाड्याच सोडल्या. बाकीच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर आला, जो गावातल्या गावात हळू फिरवलेल्या गाडीत तुंबतो आणि हायवेवर पळवली की मोकळा होतो. सेन्सर वाढले. हातोडी आणि तारेवर उभं असलेलं जुनं कोष्टक इथे मोडतं, कारण आता आधी लॅपटॉप किंवा स्कॅनर लावावा लागतो आणि मगच बोनेटला हात. संभाजीनगरजवळच्या बिडकीनला टोयोटाच्या मोठ्या प्रकल्पाचा करार जुलै २०२४ मध्ये झाला, त्यातून कारखाना येईल, पण स्कॅनर मेस्तरीला स्वतःच घ्यावा लागतो. गेवराईकडच्या ओळखीच्या एका मेस्तरीनं कर्ज काढून असा स्कॅनर घेतलाय. काम झालं की तो जुन्या टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवतो, धुळीनं गाडीआधी तोच बंद पडेल म्हणून.