एकाच खाचेत दहा वेळा

एम २० × १.५ चा बोल्ट (व्यास २० मिमी, पिच म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर १.५ मिमी) हातात घेतला, की त्याचे आटे एका दमात कोरल्यासारखे वाटतात. सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या लेथवर, ते बऱ्याचदा दहा कटांत तयार झालेले असतात. दर वेळी टूल जॉबच्या (कापायच्या तुकड्याच्या) तोंडाबाहेरून निघतं, शेवटापर्यंत धावतं, बाहेर येतं, मागे जातं आणि आधीपेक्षा किंचित खोल होऊन त्याच खाचेत शिरतं. ‘त्याच’ या शब्दावर सगळं अवलंबून आहे. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं की जॉब भंगारात.

जुन्या लेथवर ही शिस्त गिअर पाळतात. हेन्री मॉड्सलेने १८०० च्या सुमारास लीडस्क्रू (टूल पुढे नेणारा लांब स्क्रू), सरकतं टूल आणि बदलते गिअर एकत्र आणले, तेव्हापासून स्पिंडल (जॉब फिरवणारा दांडा) फिरला की टूलला ठरलेलं अंतर जावंच लागतं. सीएनसीमध्ये हे दाते नसतात. स्पिंडलला जोडलेला एन्कोडर (फिरणं मोजणारा सेन्सर) एका फेऱ्यात ठरावीक पल्स देतो, बहुधा १०२४, आणि त्याशिवाय फेऱ्यातून एकदाच येणारा खुणेचा एक पल्स. कंट्रोल (मशीनचा संगणक) या खुणेची वाट बघतो आणि ती आली की झेड अक्ष, म्हणजे टूलची जॉबच्या लांबीतली चाल, सोडतो. दहाही कट खुणेच्या त्याच क्षणी, त्याच जागेवरून सुटतात, म्हणून ते एकमेकांवर बसतात.

पण सुटलं म्हणजे लगेच वेगात आलं असं नाही. १५०० आरपीएमला (मिनिटाला १५०० फेरे) १.५ पिच म्हणजे मिनिटाला २२५० मिमी, सेकंदाला साडेसदतीस. एवढा वेग पकडेपर्यंत टूल स्पिंडलच्या मागे पडलेलं असतं, आणि तेवढ्यात ते जॉबवर पोचलं तर पहिल्या एक-दोन आट्यांची पिच चुकते. बोल्टला नट लागतच नाही, आणि दोष इन्सर्टवर (टूलच्या बदलता येणाऱ्या कापणाऱ्या तुकड्यावर) जातो. म्हणून टूल जॉबच्या तोंडापासून किमान तीन पिच आधी उभं करायचं. इथे झेड ६, म्हणजे तोंडापासून ६ मिमी, ठेवलं तर निर्धास्त.

हा मागे पडण्याचा प्रकार वेगाबरोबर वाढतो. त्यामुळे ‘शेवटचा कट गुळगुळीत येऊ दे’ म्हणून मध्येच आरपीएम बदलला, की खाच सरकते. जी९६ (कापण्याचा वेग कायम ठेवणारा आदेश) इथे चालत नाही तेही याचमुळे: व्यास कमी होत जाईल तसा तो आरपीएम वाढवत नेतो. आटे पाडताना जी९७, स्थिर आरपीएम. बहुतेक कंट्रोल कट चालू असताना फीड ओव्हरराइडची (टूलची चाल कमी-जास्त करणारी) खुंटी मानत नाहीत आणि फीड होल्ड (चाल थांबवण्याचं बटण) दाबला तरी कट संपेपर्यंत थांबत नाहीत. नव्या ऑपरेटरला हे आधीच माहीत असलेलं बरं.

आता खोली. १.५ पिचच्या बाहेरच्या आट्याची खोली ०.६१३४ × १.५, म्हणजे ०.९२ मिमी. शेवटच्या हलक्या कटासाठी ०.०२ राखले, तर ०.९० उरतात. ते नऊ कटांत सारखे वाटावेत, दर कटाला ०.१, असं कोणालाही वाटेल. गंमत अशी, की खाच ६० अंशांची पाचर आहे. खोल जाल तशी रुंद होते. पाचरीचं क्षेत्रफळ खोलीच्या वर्गाने वाढतं, म्हणून ०.१ च्या नऊ कटांत निघणारा धातू १, ३, ५, ७ अशा विषम संख्यांनी वाढत जातो. नववा कट पहिल्याच्या सतरा पट! इन्सर्टचं टोक नेमकं शेवटी शेवटी तुटतं ते यामुळे.

म्हणून कंट्रोल वर्गमूळ वापरतो: पहिली खोली ०.३ असेल, तर ‘न’व्या कटाअखेरची एकूण खोली ०.३ × √न. वाढ येते ०.३००, ०.१२४, ०.०९६, ०.०८०, ०.०७१, ०.०६४, ०.०५९, ०.०५५, ०.०५१, बेरीज बरोबर ०.९०. दर कटाला धातू जवळजवळ तेवढाच निघतो. प्रोग्राममध्ये हे जी७६ या आटे पाडण्याच्या सायकलच्या दोन ओळींत मावतं:

जी७६ पी०१००५५ क्यू५० आर०.०२
जी७६ एक्स१८.१६ झेड-३० पी९२० क्यू३०० एफ१.५

खालच्या ओळीतला पी आणि दोन्ही क्यू मायक्रॉनमध्ये, दशांश चिन्हाशिवाय. ९२० च्या जागी ०.९२ लिहिणं ही नवख्यांची ठरलेली चूक. वरच्या ओळीतल्या पीमध्ये दोन-दोन आकड्यांच्या तीन सूचना आहेत: ०१ म्हणजे एक शेवटचा कट. ००, कारण या जॉबला आट्याच्या शेवटी अंडरकट (टूल बाहेर पडायला केलेली खोबण) आहे. नसेल तर तिथे १० लिहावं, म्हणजे टूल साधारण एका पिचमध्ये तिरकं बाहेर येतं. स्टेनलेस स्टीलला मात्र ०.०२ चा पातळ कट देऊ नये. धार कापण्याऐवजी घासते आणि पृष्ठभाग कडक होतो.

आटा ६० अंशांचा असून तिसऱ्या सूचनेतला कोन ५५ का? ६० लिहिलं की टूल एका बाजूला समांतर उतरतं. पुढची धार कापते, मागची नुसती घासते आणि त्या बाजूचा पृष्ठभाग खडबडीत येतो. ५५ लिहिल्यावर मागची धारही थोडं कापते. सरळ आत घुसवायचं असेल तर ००, पण मग चिप दोन्ही बाजूंनी दुमडून ताठ निघते आणि मोठ्या पिचला टूल थरथरतं.

आटे पाडण्याआधीचा व्यास २०.०० ठेवू नका. ६जी टॉलरन्सला (मापात चालणाऱ्या सुटीला) तो १९.७३२ ते १९.९६८ मध्ये हवा, १९.८५ सोयीचा. तोंडाला चॅम्फर (तिरकी कड) द्या, नाहीतर पहिल्या आट्यावर बर (धातूची बारीक धार) उभी राहते. आटा फाटल्यासारखा दिसला, तर आधी टूलची सेंटर हाइट (टोक जॉबच्या मध्याच्या उंचीला आहे का) आणि वेग बघा. वेग फार कमी असला की धातू धारेला चिकटतो. लांब, बारीक जॉब टेलस्टॉकशिवाय (दुसऱ्या टोकाच्या आधाराशिवाय) वाकतो आणि टोकाकडे आटा जाड राहतो.

माप रिंग गेजने, म्हणजे आतून आटे असलेल्या गो आणि नो-गो या दोन कड्यांनी: गो पूर्ण फिरायला हवा, नो-गो दोन फेऱ्यांच्या पुढे जाता कामा नये. गो अडला, तर वेअर ऑफसेटमध्ये (टूलच्या झिजेसाठीच्या दुरुस्तीत) एक्स, म्हणजे व्यास, ०.०५ ने कमी करून सायकल पुन्हा चालवा. आकडाच हवा असेल, तर ०.८६६ मिमीच्या तीन तारा खाचांत ठेवून मायक्रोमीटर लावावा. पिच व्यास (आटा आणि खाच सारख्याच रुंद असतात तिथला व्यास) १८.९२ असेल, तर वाचन २०.२२ च्या आसपास येतं. हे सगळं जॉब चकमध्ये (स्पिंडलच्या पकडीत) असतानाच करायचं. एकदा काढून परत पकडला, की खाच आणि खुणेचा पल्स यांचा मेळ गेला. झेड आणि कोन हाताने जुळवत बसावं लागतं आणि ते क्वचितच जमतं.